जन्म रॅलेचा, राज्य टेनेसीचे, आणि चाळीस लाखांचे काय?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची यादी पाहिली तर नावापुढे दोन राज्ये लिहिलेली सापडतात. एक जन्माचे राज्य आणि दुसरे, ज्या राज्यातून माणूस राजकारणात उभा राहिला ते. पुष्कळांच्या बाबतीत ही दोन राज्ये वेगळी निघतात. लिंकन जन्मले केंटकीत, पण जग त्यांना इलिनॉयचे म्हणून ओळखते. टेनेसी या राज्याची तर आणखी गंमत आहे. या राज्याचे म्हणून तीन राष्ट्राध्यक्ष झाले. अँड्र्यू जॅक्सन, जेम्स पोल्क आणि अँड्र्यू जॉन्सन. तिघांपैकी एकही टेनेसीत जन्मलेला नाही. तिघेही डोंगर ओलांडून कॅरोलायनातून आलेले. त्यातही जॅक्सन यांचा जन्म उत्तर कॅरोलायनातला की दक्षिण कॅरोलायनातला, यावरून त्या दोन राज्यांचे भांडण आहे ते आहेच.

आम्ही वकील माणसे. जन्माचा दाखला आणि अधिवासाचा दाखला आमच्या हाताखालून रोज जातो. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हटल्यावर, आज्याने गाव कोणत्या साली सोडले याचा कागद शोधत दारोदार फिरणारा आपला माणूस आम्ही पाहिलेला आहे. त्यामुळे जन्म कुठला आणि राज्य कुठले हा प्रश्न आम्हाला कधी सामान्यज्ञानाच्या पुस्तकातला वाटला नाही. टेनेसीच्या त्या तिघांपैकी शेवटचा जो अँड्र्यू जॉन्सन, त्याचे सगळे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले. लिंकनचा फोटो आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांच्या घरात सापडेल. लिंकन यांच्या खुनानंतर त्यांच्या खुर्चीत कोण बसले आणि त्याने काय केले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते ठाऊक असायला पाहिजे, कारण गरिबाच्या पोटी जन्मला म्हणजे तो आपलाच, असा हिशेब आपल्याकडे अजून पुष्कळ लोक करतात.

गरिबीच्या बाबतीत जॉन्सनची बरोबरी करणारा राष्ट्राध्यक्ष अमेरिकेत क्वचितच झाला असेल. २९ डिसेंबर १८०८ रोजी उत्तर कॅरोलायनाच्या रॅले या राजधानीच्या गावात तो जन्मला. घर कसले, मुक्कामाला येणाऱ्या प्रवाशांच्या एका खाणावळीच्या आवारातली स्वयंपाकाची छोटी इमारत. बाप जेकब तिथे हमाली आणि पडेल ते काम करायचा. बुडणाऱ्या माणसांना वाचवायला तो थंडगार पाण्यात उतरला, त्यात त्याची प्रकृती ढासळली आणि १८१२ च्या सुरुवातीला तो गेला. पोर तेव्हा तीन वर्षांचे. आई मेरी लोकांचे कपडे धुऊन आणि कापड विणून घर चालवायची. शाळेचे तोंड या मुलाने एक दिवसही पाहिले नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांत औपचारिक शाळा अजिबात न शिकलेला असा तोच.

आईने दोन्ही मुलांना जेम्स सेल्बी नावाच्या शिंप्याकडे बांधून दिले. बांधून दिले हा शब्द आम्ही विचार करून वापरतो. वयाची २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत मालकाकडे राहायचे, काम शिकायचे, मालक देईल ते खायचे, आणि मधेच सोडून जायचे नाही, असा तो कायदेशीर करार. पळून गेल्यास मालक धरून आणू शकत होता. गुलामगिरी ही नव्हे, कारण याला मुदत होती आणि पोराची कातडी गोरी होती. तरीही पंधरा वर्षांच्या मुलाच्या मानेवर ते जोखडच होते. जून १८२४ मध्ये दोघे भाऊ पळाले. सेल्बीने रॅलेच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. दोघांना पकडून आणणाऱ्यास १० डॉलर बक्षीस, आणि एकट्या अँड्र्यूला आणले तरी तेवढेच. पळालेल्या गुलामांसाठी ज्या पानांवर जाहिराती येत, तशाच पानांवर भावी राष्ट्राध्यक्षाचे वर्णन छापून आले.

दक्षिण कॅरोलायनात काही काळ शिंपीकाम करून तो परत आला, सेल्बीशी तडजोड करायला गेला, पण जमले नाही. जन्मगावात उजळ माथ्याने काम करणे शक्य नव्हते. १८२६ साली आई आणि सावत्र बाप यांना बरोबर घेऊन त्याने डोंगर ओलांडला आणि पूर्व टेनेसीतल्या ग्रीनव्हिल या खेड्यात दुकान टाकले. नव्या राज्यात कोणी त्याला जुना करार विचारला नाही. आमच्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना हीच. राज्याची हद्द ओलांडली आणि पळालेला पोरगा मोकळा नागरिक झाला.

दुसऱ्या वर्षी, १८२७ मध्ये, एलायझा मॅककार्डल या चांभाराच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. आपल्याकडे जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवले, इथे उलटे झाले. अक्षरओळख त्याला होती. नीट लिहायला आणि हिशेब करायला एलायझाने शिकवले. शिलाईच्या दुकानात गावातली माणसे जमायची, वादविवाद चालायचे, कोणी भाषणांचे पुस्तक वाचून दाखवायचे आणि हा सुई चालवता चालवता ऐकायचा. १८२९ मध्ये तो नगरसेवक झाला. मग राज्याचे विधिमंडळ, १८४३ पासून दहा वर्षे प्रतिनिधिगृह, १८५३ ते १८५७ टेनेसीचा गव्हर्नर आणि त्यानंतर सिनेट. आपण शिंपी आहोत हे तो सभेत अभिमानाने सांगायचा. मोठ्या जमीनदारांवर त्याचा खरा राग होता. भूमिहीन गोऱ्या कुटुंबांना सरकारने १६० एकर जमीन द्यावी या विधेयकासाठी तो वर्षानुवर्षे भांडला. तो कायदा अखेर १८६२ मध्ये लिंकन यांच्या सहीने झाला.

आता दुसरी बाजू. पैसा हातात आल्यावर या शिंप्याने १८४० च्या दशकात डॉली नावाची काळी मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली. तिच्या मागोमाग तिचा भाऊ सॅम. पुढे आणखी. जमीनदारांचा द्वेष करणाऱ्या माणसाला जमीनदारासारखे गुलाम ठेवण्यात काही विसंगती वाटली नाही. तो जमीनदारांवर रागावला होता तो त्यांनी गोऱ्या गरिबाला मागे टाकले म्हणून. ज्याच्या पाठीवर जमीनदार उभा होता त्या काळ्या माणसाचा त्यात विचारच नव्हता.

१८६०-६१ मध्ये दक्षिणेकडची ११ राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटली. टेनेसी त्यांत शेवटच्या राज्यांपैकी. पूर्व टेनेसीतल्या डोंगराळ भागाने मात्र फुटण्याच्या विरोधात मतदान केले, आणि जॉन्सन त्याच मातीत वाढलेला राजकारणी. फुटलेल्या राज्यांच्या सिनेटरांपैकी सिनेट न सोडणारा तो एकटाच राहिला. घरी परतताना व्हर्जिनियात जमावाने त्याला आगगाडीत गाठले. धैर्य नव्हते असे कोणी म्हणू नये. मार्च १८६२ मध्ये लिंकन यांनी त्याला टेनेसीचा लष्करी गव्हर्नर नेमले. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातून टेनेसी वगळले गेले, ते त्याच्याच आग्रहाने. त्याच वर्षी ८ ऑगस्टला त्याने आपल्या घरचे गुलाम सोडले अशी तिथली परंपरा सांगते. टेनेसीतले काळे लोक तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळत आले. ऑक्टोबर १८६४ मध्ये नॅशव्हिलला काळ्या लोकांच्या मोठ्या जमावापुढे त्याने स्वतःला त्यांचा मोझेस म्हणवून घेतले. बायबलातल्या मोझेसने आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढले होते. जमावाने त्याच्यावर विश्वास ठेवला.

हा माणूस उपराष्ट्राध्यक्ष झाला तो केवळ त्याच्या राज्यामुळे. अमेरिकेच्या घटनेनुसार निर्वाचक मंडळातल्या सदस्याने राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या दोन मतांपैकी निदान एक मत आपल्या राज्याबाहेरच्या माणसाला द्यावे लागते. त्यामुळे दोन उमेदवार दोन राज्यांचे असावेत अशी रीत पडली आणि त्यातून प्रदेशांची मोट बांधण्याचे राजकारण आले. लिंकन यांच्याबरोबर १८६० ला मेन राज्याचे हॅनिबल हॅमलिन होते. १८६४ मध्ये बाल्टिमोरच्या अधिवेशनात त्यांना बाजूला करून दक्षिणेतला, तोही निष्ठावंत, असा टेनेसीचा जॉन्सन घेतला गेला. काळ्या माणसांबद्दल त्याच्या मनात काय आहे याची चौकशी कोणी केली नाही. नकाशावर नाव बसले, एवढे पुरले. ४ मार्च १८६५ ला शपथविधीच्या दिवशी तो आजारी होता, व्हिस्की पिऊन आला आणि सिनेटपुढे बरळला. सहा आठवड्यांनी, १५ एप्रिलला, लिंकन गेले आणि तो राष्ट्राध्यक्ष झाला.

इथून पुढे जे घडले ते आम्ही कितीही वेळा वाचले तरी अस्वस्थ होतो.

२९ मे १८६५ रोजी त्याने दोन फर्माने काढली. पहिल्याने बंडखोरांना माफी दिली. २० हजार डॉलरांहून अधिक मालमत्ता असणाऱ्यांना मात्र त्याच्याकडे व्यक्तिशः अर्ज करायला लावले. ज्या जमीनदारांनी त्याला आयुष्यभर हिणवले ते आता टोप्या हातात घेऊन त्याच्या दारात उभे राहिले आणि त्याने हजारोंना माफी वाटली. अपमानाचा सूड त्याला मिळाला. सत्ता मात्र जमीनदारांना परत मिळाली. दुसरे फर्मान एका राज्याची घडी पुन्हा बसवण्याचे होते. ते राज्य कोणते? उत्तर कॅरोलायना. त्याचा जन्मप्रांत. राज्याची घटना पुन्हा लिहिण्यासाठी मत कोणाला? तर फुटण्यापूर्वी ज्यांना होते त्यांना, म्हणजे फक्त गोऱ्यांना. हाच नमुना मग इतर राज्यांना लागू झाला.

समुद्रकिनाऱ्यावर जनरल शर्मन यांच्या जानेवारी १८६५ च्या हुकुमाने सुमारे ४ लाख एकर जमिनीवर सुमारे ४० हजार मुक्त काळी माणसे वसली होती. कुटुंबाला ४० एकरांपर्यंत. जॉन्सनने ती जमीन जुन्या मालकांना परत द्यायला लावली. ऑक्टोबरमध्ये जनरल हॉवर्ड यांना एडिस्टो बेटावर जाऊन ही बातमी कसणाऱ्यांना तोंडावर सांगावी लागली. गोऱ्या भूमिहीनाला १६० एकर मिळावेत म्हणून भांडलेला हाच तो माणूस.

आणि मग आले ब्लॅक कोड. त्याने उभ्या केलेल्या गोऱ्या विधिमंडळांनी, आधी मिसिसिपीने आणि मग दक्षिण कॅरोलायनाने, १८६५ च्या अखेरीस काळ्यांसाठी वेगळे कायदे केले. काम नसलेल्या काळ्या माणसाला भटक्या ठरवून दंड करायचा आणि दंड भरणाऱ्याकडे कामाला जुंपायचे. मिसिसिपीच्या कायद्यातला एक भाग तर वकिलाने थांबून वाचावा असा आहे. अनाथ काळी मुले, किंवा ज्यांचे आईबाप सांभाळू शकत नाहीत असे न्यायालय ठरवील ती मुले, शिकाऊ उमेदवार म्हणून गोऱ्याकडे बांधून द्यायची, आणि त्यातही पहिला हक्क त्या मुलाच्या जुन्या मालकाचा. मूल पळाले तर मालकाने पाठलाग करून धरून आणावे. सेल्बीचा तोच करार, तीच पकड. ज्याच्या नावावर १० डॉलर लागले होते तो आता व्हाइट हाऊसमध्ये बसला होता. त्याच्या जन्मप्रांतातही काळ्या मुलांना असेच बांधून देण्याचे प्रमाण मोठे होते. त्याने हे कायदे थांबवण्यासाठी बोट उचलले नाही. त्याला डोंगर ओलांडता आला होता. या मुलांना ओलांडायला डोंगर नव्हता; पलीकडच्या राज्यातही त्यांची कातडी त्यांच्याबरोबर जाणार होती.

७ फेब्रुवारी १८६६ ला फ्रेडरिक डग्लस आणि जॉर्ज डाउनिंग यांच्या नेतृत्वाखाली काळ्यांचे शिष्टमंडळ त्याला भेटले. मागणी मताच्या हक्काची. डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले. दोन पळालेले समोरासमोर आले होते असे म्हणायला हरकत नाही. जॉन्सनने त्यांना व्याख्यान दिले. काळ्यांना मत दिले तर गोरा गरीब आणि काळा यांच्यात वंशयुद्ध पेटेल, असे त्याचे म्हणणे. गोऱ्या गरिबाची कड घेऊन काळ्या गरिबाला दारातून परत पाठवायचे, ही युक्ती आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

त्याच महिन्यात त्याने मुक्त गुलामांच्या मदतीसाठीच्या फ्रीडमेन्स ब्युरोची मुदत वाढवणारे विधेयक फेटाळले. मार्चमध्ये नागरी हक्क विधेयक त्याच्यापुढे आले. त्याचा गाभा साधा होता. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला प्रत्येक माणूस (करमुक्त रेड इंडियन सोडून) नागरिक. करार करणे, दावा लावणे, साक्ष देणे, मालमत्ता घेणे हे हक्क सर्व वंशांना गोऱ्यांसारखेच. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टाने काळ्या वंशाचा माणूस नागरिक होऊच शकत नाही असे ठरवले होते, त्याची ही दुरुस्ती. २७ मार्चला जॉन्सनने नकाराधिकार वापरला. कारण काय दिले? परदेशातून आलेल्या माणसाला नागरिक व्हायला पाच वर्षे थांबावे लागते, मग कालपर्यंत गुलाम असलेल्यांना एकदम नागरिकत्व कसे द्यायचे! त्या मातीत जन्मलेल्या, आज्यापणज्याच्या घामाने ती माती पिकवलेल्या चाळीस लाख माणसांना त्याने परक्यांच्या रांगेत, त्यांच्याही मागे उभे केले. जन्म मोजायचा तो फक्त गोऱ्याचा.

काँग्रेसने ९ एप्रिल १८६६ रोजी दोन तृतीयांश मतांनी हा नकार मोडून काढला. एवढ्या महत्त्वाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार मोडला जाण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ. ही तारीख आंबेडकरी वाचकाने ध्यानात ठेवावी. १९३० साली लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची जी योजना सादर केली, तिच्यातल्या समान हक्कांच्या तरतुदींना आधार म्हणून ९ एप्रिल १८६६ आणि १ मार्च १८७५ च्या अमेरिकन कायद्यांचा दाखला दिलेला आहे. जॉन्सनने जो कागद फेकला, तोच चौसष्ट वर्षांनी बाबासाहेबांनी ब्रिटिशांच्या टेबलावर ठेवला.

कायदा उद्या दुसरी काँग्रेस रद्द करील, म्हणून जून १८६६ मध्ये काँग्रेसने चौदावी घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली. तिचे पहिलेच वाक्य आमच्या विषयाचे आहे. अमेरिकेत जन्मलेला किंवा तिथले नागरिकत्व घेतलेला माणूस देशाचा नागरिक, आणि ज्या राज्यात तो राहतो त्या राज्याचाही नागरिक. जन्म आणि वास्तव्य, दोन्ही एका वाक्यात. जॉन्सनने स्वतः जे आयुष्यभर उपभोगले, रॅलेत जन्मून टेनेसीचा म्हणून मिरवले, तेच सर्वांना लिहून मिळत होते. त्याच दुरुस्तीत कायद्याच्या समान संरक्षणाची हमी आहे, जी आपल्या घटनेच्या १४ व्या अनुच्छेदात आली. जॉन्सनने दक्षिणेतल्या राज्यांना ही दुरुस्ती फेटाळायला उत्तेजन दिले.

त्याच्या टेनेसीत त्या वर्षी काय चालले होते? मे १८६६ च्या पहिल्या तीन दिवसांत मेम्फिसमध्ये गोऱ्या जमावाने, पोलिसांसह, ४६ काळ्या माणसांना ठार केले. घरे, शाळा आणि चर्च जाळली. क्लू क्लक्स क्लॅन ही संघटना जन्मली तीही टेनेसीतल्याच पुलास्की गावात. आणि तरीही, त्याचा जुना वैरी गव्हर्नर ब्राउनलो याने विधिमंडळात जोर लावून जुलै १८६६ मध्ये चौदावी दुरुस्ती मंजूर करून घेतली. बंडखोर राज्यांपैकी असे करणारे टेनेसी पहिले, आणि त्याबद्दल संघराज्यात परत घेतले गेलेलेही पहिले. राष्ट्राध्यक्षाचे स्वतःचे राज्य त्याच्या सल्ल्याच्या विरुद्ध गेले.

पुढचे थोडक्यात. काँग्रेसशी भांडण वाढत गेले, युद्धमंत्री स्टॅन्टन यांना काढल्यावरून २४ फेब्रुवारी १८६८ ला प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी त्याच्यावर महाभियोग लावला. अशी नामुष्की ओढवलेला तो पहिला राष्ट्राध्यक्ष. सिनेटमध्ये दोषी म्हणणारे ३५, निर्दोष म्हणणारे १९. दोषी ठरायला ३६ लागत होते. एका मताने सुटला. निर्दोष म्हणणाऱ्यांत टेनेसीचा सिनेटर डेव्हिड पॅटरसन होता, म्हणजे जॉन्सनचा सख्खा जावई. न्यायासनावर जावई बसलेला चालतो का, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावे.

१८६९ मध्ये तो ग्रीनव्हिलला परतला. दोन निवडणुका हरला, पण १८७५ च्या जानेवारीत टेनेसीने त्याला पुन्हा सिनेटवर पाठवले. राष्ट्राध्यक्षपदानंतर सिनेटर झालेला असा तो एकटाच. त्याच्या अगोदर दोन वर्षे, १८७३ मध्ये, इकडे पुण्यात जोतीरावांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ काळ्यांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला होता. ते सज्जन कोण, तर या माणसाचा नकार मोडणारे आणि त्यांच्यासारखेच. जॉन्सन त्या वेळी टेनेसीत, पुढच्या निवडणुकीच्या जुळवाजुळवीत.

३१ जुलै १८७५ रोजी मुलीच्या घरी तो वारला. ग्रीनव्हिलच्या टेकडीवर त्याला पुरले, अंगाभोवती अमेरिकेचा झेंडा आणि डोक्याखाली घटनेची प्रत. त्याचे शिलाईचे दुकान तिथे विटांच्या इमारतीत जपून ठेवले आहे. रॅलेतली ती स्वयंपाकाची इमारतही उचलून एका बागेत नेऊन ठेवली आहे. १९ ऑक्टोबर १९४८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते रॅलेच्या विधानभवनासमोर एक शिल्प उभे राहिले. जॅक्सन घोड्यावर, पोल्क आणि जॉन्सन दोन बाजूंना बसलेले. उत्तर कॅरोलायनाने देशाला दिलेले राष्ट्राध्यक्ष, असे त्याचे नाव. त्या वर्षी त्याच राज्यात काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, आणि तिथेच जन्मलेल्या काळ्या माणसाला मत द्यायला जायचे तर साक्षरतेची परीक्षा पुढे केली जात होती.